कडधान्य पोटास का बाधते, व ते बाधू नये म्हणून काय करावे

(सायंकाळच्या वर्गात वाचून दाखविण्याकरिता आरोग्यपाठ)

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील खेड्यांतून फिरताना एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. कोणी म्हणतो, "मटकी खाल्ली की पोटात गुबारा धरतो." कोणी म्हणते, "हुलगे आमच्या घरी कोणास सोसत नाहीत, आम्ही ते बैलांस घालतो." एखादा म्हातारा सांगतो की घेवडा खाल्ल्या रात्री त्याच्या डोळ्यास डोळा लागत नाही. आणि एखादी माउली लेकराच्या ताटातील उसळ काढून घेते, व त्यास नुसती भाकरी आणि चटणी देते. तिचा हेतू चांगला असतो, परंतु परिणाम वाईट होतो.

तो का वाईट होतो हे प्रथम पाहू. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी दूध बेताचे असते, अंडी बाजारात विकली जातात, आणि मटण सणावारी अथवा पाहुणा आला तरच शिजते. अशा घरी अंगात मांस भरणारे, मुलाची हाडे वाढविणारे व बाळंतिणीस उभी करणारे जे सत्त्व, ज्यास आपण प्रथिन म्हणतो, ते मुख्यतः कडधान्यांतूनच येते. वाळलेल्या कडधान्याच्या १०० ग्रॅम वजनात साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिन असते. तितक्याच ज्वारीत ते सुमारे १० ग्रॅम, व तांदळात ७ ते ८ ग्रॅम भरते. शिवाय ज्वारीच्या प्रथिनात जो घटक उणा असतो तो कडधान्यात पुरेसा असतो, आणि कडधान्यात जो उणा असतो तो ज्वारीत असतो. म्हणून भाकरी आणि उसळ एका ताटात आली म्हणजे दोघींची उणीव भरून निघते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जे आहारमार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात मोठ्या माणसाच्या रोजच्या आहारात सुमारे ८५ ग्रॅम कोरडे कडधान्य अथवा डाळ असावी असे सांगितले आहे. हे सर्व डाळीच्या पातळ आमटीच्या दोन पळ्यांत येत नाही, हे गृहिणींनी ध्यानात घ्यावे.

तेव्हा "सोसत नाही" एवढ्या शब्दावर कडधान्य ताटातून काढून टाकणे गरिबाच्या घरास परवडणारे नाही. ते का सोसत नाही याचा शोध करावा, व सोसेल असे करावे, हाच या पाठाचा विषय होय.

आमच्या डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका गावी मंडळीची वार्षिक सभा होती, व दुपारी प्रीतिभोजन होते. शेजारच्या एका शेतकरी बंधूने घेवड्याचे अर्धे पोते आनंदाने दिले. परंतु तो घेवडा सभेच्या दिवशी सकाळीच हाती आला. स्वयंपाक करणाऱ्या तरुणांनी तो दोन तास भिजविला, त्याच पाण्यात चुलीवर चढविला, व लाकडे ओली असल्यामुळे मंद जाळावर ठेवला. सभा संपण्याची वेळ झाली, मुले रडू लागली, तेव्हा वरचे साल मऊ लागले एवढे पाहून मोठे पातेले उतरविण्यात आले. तिखट, मसाला व कोथिंबीर भरपूर होती, चवही चांगली होती. दोन तासांच्या आत दहा-बारा जणांस मळमळ सुटून वांत्या होऊ लागल्या, आणि पुढे कित्येकांस जुलाब झाले. दिवस मावळेपर्यंत बहुतेकांस आराम पडला, परंतु दोन लेकरांस दवाखान्यात न्यावे लागले.

मग गावात चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी विहिरीच्या पाण्यास दोष दिला, कोणी पातेल्याच्या कल्हईस. एक वृद्ध बाई मात्र भांडी घासता घासता सहज बोलून गेली, "घेवडा रातच्याला भिजत घालायचा असतुया बाबा, सकाळच्याला न्हवं. आन् रटारटा उकळाय पायजे." तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते, हे आम्हांस पुढे शास्त्रीय पुस्तके चाळल्यावर कळले. पण तोपर्यंत त्या मंडळीने "सभेत घेवडा पुन्हा करावयाचा नाही" असा ठराव करून टाकला होता. चूक घाईची असता शिक्षा घेवड्यास झाली, व त्याबरोबर पुढील वर्षी पंगतीस बसणाऱ्या गरीब मुलांसही.

बाधण्याचे दोन प्रकार

वाचकांनी येथे एक भेद नीट समजून घ्यावा, कारण पुढील सर्व नियम त्यावर उभे आहेत. कडधान्याने पोट बिघडते ते दोन अगदी निराळ्या कारणांनी.

पहिला प्रकार वाताचा. कडधान्यात काही विशेष जातीच्या साखरा असतात. त्यांची नावे रॅफिनोज, स्टॅकिओज व व्हर्बॅस्कोज अशी आहेत. त्या साखळीसारख्या जोडलेल्या असतात, कोणी तीन कड्यांची, कोणी चार, कोणी पाच. ही साखळी तोडण्यास जो पाचक रस लागतो तो मनुष्याच्या लहान आतड्यात तयार होतच नाही. तो कोणाच्या आतड्यात असतो व कोणाच्या नसतो असे नव्हे, तो राजाच्याही नाही व रंकाच्याही नाही. म्हणून या साखरा न पचता मोठ्या आतड्यात उतरतात. तेथे असंख्य सूक्ष्म जंतू वस्तीस असतात. ते या साखरांवर तुटून पडतात, त्या आंबवितात, आणि त्या आंबण्यातून हायड्रोजन, कर्बवायू व कित्येकांच्या पोटात मिथेन हे वायू निघतात. आंबोळीचे पीठ आंबून जसे फुगते, तसेच हे जाणावे. याने पोट डब्ब होते, कळ येते, व चारचौघांत लाज वाटते. परंतु यात विष नाही. उलट, हे जंतू त्याच साखरांपासून असे काही पदार्थ तयार करितात की ज्यांवर मोठ्या आतड्याचे अस्तर पोसले जाते. म्हणून थोडा वात होणे हा रोग नव्हे.

दुसरा प्रकार विषाराचा, व तो मुख्यतः घेवड्याच्या वाळलेल्या दाण्यात, ज्यास शहरात राजमा म्हणतात त्यात, आढळतो. त्या दाण्यात लेक्टिन नावाचे एक द्रव्य असते. लाल दाण्यात त्याचे प्रमाण फार असते. कच्चे किंवा अर्धकच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरीही मनुष्यास वांत्या होऊ शकतात. खाल्ल्यापासून एक ते तीन तासांत मळमळ व वांती, मग जुलाब व पोटदुखी, आणि सामान्यतः काही तासांतच उतार, असा त्याचा क्रम असतो. वर सांगितलेल्या सभेत जे घडले ते तंतोतंत असेच होते. इंग्लंडात १९७६ साली सुटीवर गेलेल्या शाळकरी मुलांच्या एका टोळीने भिजविलेला परंतु न शिजविलेला लाल घेवडा खाल्ला, व तो खाणारी मुले आजारी पडली. तेव्हापासून तेथील डॉक्टरांचे लक्ष या गोष्टीकडे विशेष वेधले. यावरून असे दिसेल की नुसते भिजविणे पुरत नाही, आणि नुसते मऊ होणेही पुरत नाही.

वात कमी करणे हे सोयीचे काम आहे, पण घेवड्याचा विषार घालविणे हे अवश्यमेव केलेच पाहिजे असे काम आहे. या दोहोंचा घोटाळा करू नये.

आपल्या मुलखातील कडधान्ये

आता आपल्या शिवाराकडे वळू. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वराच्या माथ्यावर पाऊस धो धो कोसळतो, तर पूर्वेस माण व खटाव, आणि सांगलीकडील आटपाडी, जत व कवठे महांकाळ या भागांत तो फार थोडा पडतो. जेथे पाणी नाही व जमीन हलकी आहे तेथे हुलगा आणि मटकी तग धरतात. ही दोन्ही व मूग हे मूळचे या हिंदुस्थानच्या भूमीतीलच. चवळी आफ्रिकेतून आली, हरभरा व मसूर पश्चिम आशियातून. घेवडा तर मूळचा अमेरिका खंडातील, पण आज तो कोरेगाव तालुक्यात असा रुळला आहे की तेथील वाघ्या घेवड्यास, ज्याच्या दाण्यावर वाघाच्या अंगासारखे पट्टे असतात, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षास संयुक्त राष्ट्रसंघाने जागतिक कडधान्य वर्ष म्हटले होते.

पचनाच्या दृष्टीने यांची एक ओळ लावता येते. मुगाची सालविरहित डाळ सर्वांत हलकी. मग तूर व मसूर यांच्या डाळी. मग अख्खे मूग व मटकी. त्यापुढे चवळी, हरभरा, पावटा व हुलगा. आणि घेवडा शेवटी, कारण त्यास वेळही अधिक लागतो व सावधगिरीही. पावटा व वाल यांचे वाळलेले दाणेही कच्चे खाऊ नयेत, ते भिजवून, पाणी टाकून, नीट उकळावे. आमच्या बायका वालाचे बिरडे करण्यापूर्वी मोड आणून साल काढतात, ती रीत शहाणपणाची आहे.

पाच नियम

पहिला नियम: निवडणे व जुने दाणे ओळखणे. खडे, किडके व सुरकुतलेले दाणे काढावे. दोन-तीन वर्षे कणगीत पडून राहिलेला दाणा उष्णतेने व ओलाव्याने असा कठीण होतो की कितीही शिजविला तरी आतून पिठूळ होत नाही. बाजारात घेताना नवा माल घ्यावा, आणि नवा व जुना एकत्र करून शिजवू नये, कारण नवा विरघळतो व जुना तसाच राहतो.

दुसरा नियम: रात्री भिजत घालणे, व ते पाणी टाकून देणे. एक माप दाण्यास तीन ते चार मापे पाणी घ्यावे, कारण दाणा फुगून दुप्पट होतो. मूग व मटकी सहा ते आठ तास, हरभरा, हुलगा व घेवडा दहा ते बारा तास भिजवावा. चैत्र-वैशाखात पाणी लवकर आंबते, तेव्हा मध्ये एकदा बदलावे. वर सांगितलेल्या वातकारक साखरा पाण्यात विरघळणाऱ्या आहेत, त्यांतील बराच भाग या पाण्यात उतरतो. म्हणून ते पाणी ओतून द्यावे, दाणे दोनदा धुवावे, व शिजविण्यास नवे पाणी घ्यावे. काही बायका म्हणतात, "पाण्यात सत्त्व जाते." थोडेसे जाते हे खरे, परंतु ज्या घरात उसळ बाधते म्हणून शिजतच नाही, त्या घरात सर्वच सत्त्व जाते. टाकावयाचे पाणी म्हशीपुढे ठेवावे अथवा परसातील भाजीस घालावे.

भिजविण्यास विसर पडला तर? दाणे भरपूर पाण्यात चढवावे, दोन-तीन मिनिटे खळखळून उकळू द्यावे, उतरवून झाकून एक तास ठेवावे, मग ते पाणी टाकून नव्या पाण्यात शिजवावे. ही रीत मटकी, चवळी व हरभरा यांस चालेल. घेवड्याच्या बाबतीत मात्र निदान पाच तासांचे भिजविणे चुकवू नये. वेळ नसेल तर त्या दिवशी मुगाची डाळ करावी, व घेवडा उद्यावर ठेवावा.

तिसरा नियम: मोड आणणे. भिजलेले मूग, मटकी अथवा हुलगा ओल्या फडक्यात बांधून उबेस ठेवावा. मूग व मटकी यांस एका दिवसात मोड येतात, हुलग्यास थंडीत दोन दिवस लागतात. दाण्यास अंकुर फुटू लागला म्हणजे त्याच्या पोटातील पाचक रस जागे होतात, व आपणांस न तुटणाऱ्या त्या साखरा तो दाणाच स्वतःच्या वाढीसाठी तोडून खातो. ज्या कामास आपले आतडे असमर्थ, ते काम अंकुर आपणांकरिता करून ठेवितो. शिवाय मोडांत क जीवनसत्त्व उत्पन्न होते, जे कोरड्या दाण्यात जवळ जवळ नसते. तथापि दोन गोष्टी सांभाळाव्या. ज्या उबेत व ओलाव्यात मोड वाढतात तीत रोगजंतूही वाढतात, म्हणून फडके रोज उकळत्या पाण्यातून काढावे, मोड धुवावे, व लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध व आजारी यांस ते कच्चे देऊ नयेत. आणि घेवड्यास मोड आले तरी त्याचा विषार जात नाही, तो मोडाचाही कच्चा कदापि खाऊ नये.

चौथा नियम: पूर्ण उकळी. घेवडा नव्या पाण्यात घालून प्रथम मोठ्या जाळावर खळखळून उकळू द्यावा, आणि ती उकळी सतत ३० मिनिटे टिकवावी. मग जाळ कमी करून मऊ होईपर्यंत शिजवावा. येथे पुष्कळजण फसतात. मंद निखाऱ्यावर रात्रभर ठेवलेला घेवडा मऊ लागेल, परंतु पाणी जर ८० अंशांच्या आसपासच राहिले तर विषार नाहीसा होत नाही, किंबहुना कच्च्यापेक्षा अधिक बाधक होऊ शकतो. मऊपणा म्हणजे शिजणे नव्हे. ज्यांच्या घरी प्रेशर कुकर आहे त्यांस हे काम सोपे आहे, कारण त्यात पाण्याची उष्णता सुमारे १२० अंशांपर्यंत चढते. तरीही भिजविणे व पाणी टाकणे चुकवू नये. डोंगरावर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाबळेश्वर समुद्रापासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी १०० अंशांस नव्हे, तर ९५-९६ अंशांसच उकळते. म्हणून तेथे उकळीचा व शिजविण्याचा वेळ वाढवावा, अथवा कुकर वापरावा.

शिजले की नाही याची परीक्षा अशी. मध्यभागातील व तळातील पाच-सहा दाणे काढून बोटांच्या चिमटीत दाबावे. सर्वच्या सर्व लोण्यासारखे चुरले पाहिजेत. एखाद्यात मध्ये खडूसारखी कणी लागली तर पातेले उतरवू नये. मोठ्या पंगतीच्या पातेल्यात हे विशेष पाहावे, कारण तेथे तळ शिजतो व वरचा थर कच्चा राहतो. मधून मधून तळापासून हलवावे, व पाणी कमी पडल्यास उकळतेच पाणी घालावे, थंड घालून उकळी मोडू नये.

पाचवा नियम: आंबट व गोड शेवटी. चिंच, आमसूल, टोमॅटो व गूळ हे दाणा मऊ झाल्यावरच घालावे. आधी घातल्यास दाण्याचे साल घट्ट होते व तो तासन्‌तास शिजत नाही. विहिरीचे पाणी कठीण असेल, म्हणजे त्यात साबणास फेस येत नसेल व भांड्यास पांढरे कीट धरत असेल, तर त्या पाण्यातील चुनखडीनेही असेच होते. अशा गावी कडधान्य शिजविण्यास नदीचे अथवा पावसाचे साठविलेले स्वच्छ पाणी मिळाल्यास ते वापरावे. खाण्याचा सोडा टाकला की दाणा झटकन मऊ होतो हे खरे, पण त्याने ब जीवनसत्त्वाचा एक उपयुक्त अंश नष्ट होतो. म्हणून सोड्याची सवय लावू नये, पाणी फारच कठीण असेल तर चिमूटभरापलीकडे जाऊ नये.

हिंग, जिरे, ओवा, आले यांविषयी काय? ही आमच्या आज्यांची जुनी औषधे आहेत. त्यांनी चव येते, व कित्येकांस आरामही वाटतो, म्हणून ती अवश्य घालावी. परंतु हिंगाची फोडणी दिली म्हणून न भिजलेली मटकी भिजत नाही, व कच्चा घेवडा शिजत नाही. नियमांच्या जागी मसाला घालू नये.

खाण्याची रीत

कित्येकांची कडधान्य खाण्याची तऱ्हा अशी की पंधरा दिवस काही नाही, आणि बाजाराच्या दिवशी झणझणीत मिसळीच्या दोन बशा. मग पोट दुखते व दोष मटकीस लागतो. आतड्यातील जंतूंची वस्ती ही आपल्या नित्याच्या अन्नाप्रमाणे घडत असते. ज्यास कडधान्याची सवय नाही त्याने पहिल्या आठवड्यात मऊ शिजलेल्या मुगाच्या डाळीपासून आरंभ करावा. मग रोज पाव वाटी मोडाची उसळ घ्यावी. ती सोसली की अर्धी वाटी, व मग एक वाटी. काही आठवडे हा क्रम नेमाने चालविला तर पुष्कळांचा त्रास आपोआप कमी होतो. मध्येच सोडून पुन्हा एकदम भरपेट खाऊ नये.

सावकाश चावून खावे. रात्री उशिरा जड उसळ खाऊन लगेच अंथरुणावर पडू नये, ती दुपारी खावी व रात्री वरण-भात अथवा मुगाची खिचडी घ्यावी. हुलगा ज्यांस अख्खा सोसत नाही त्यांनी तो भाजून, दळून, त्याचे माडगे अथवा शेंगोळे करून पाहावे.

लेकरांविषयी दोन शब्द. सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करावयाचे असते. तेव्हा पुष्कळ घरी डाळीचे वरचे पाणी पाजतात, व डाळ थोरांच्या ताटात जाते. त्या पाण्यात रंग व मीठ आहे, पोषण फारसे नाही. मऊ शिजलेली मुगाची डाळ भाताबरोबर बोटाने अथवा वाटीने कुस्करून, थोडे तेल किंवा तूप घालून, ती घट्टच भरवावी. ज्या लेकरास अशी सवय लागते ते पुढे उसळीस नाक मुरडत नाही, व त्याचे पोटही तिला सरावते.

वैद्याकडे केव्हा जावे

सर्वच पोटदुखी कडधान्याची नसते. शौचावाटे रक्त पडणे, वजन घटत जाणे, ताप येणे, दुखणे रात्री झोपेतून उठविणे, अथवा कडधान्य सोडूनही त्रास तसाच राहणे, ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपाय करीत बसू नये, प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा डॉक्टरांकडे जावे. ज्यांस मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी कडधान्य किती खावे हे डॉक्टरांसच विचारावे.

आणि कच्च्या घेवड्याने वांत्या-जुलाब सुरू झाले तर प्रथम शरीरातील पाणी कमी होऊ देऊ नये. जीवनजलाची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवून घोट घोट पाजावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. प्रमाण चुकवू नये, विशेषतः मीठ अधिक होऊ देऊ नये. लेकरू मलूल झाले, त्याचे डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा पोटात काहीच ठरेना, तर क्षणाचाही विलंब न करिता दवाखाना गाठावा.

शेवटी

याकोब व एसाव यांची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. भुकेने उतावीळ होऊन एसावाने काय गमाविले हे आपण पुष्कळ वेळा ऐकले आहे. परंतु त्याच्यासमोर जे मसुरेचे वरण होते ते कोणी तरी चुलीपाशी धीराने बसून शिजविले होते, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. कडधान्याच्या कामी हा धीरच पाहिजे. त्यास पैसा अधिक लागत नाही. आदल्या रात्री निजण्यापूर्वी एक भांडे पाण्याने भरून ठेवण्याची आठवण, सकाळी ते पाणी ओतून देण्याची तयारी, आणि दाणा आतून शिजेपर्यंत पंगतीस थांबविण्याचे धैर्य, एवढेच लागते.

ज्या मंडळीची गोष्ट आम्ही वर सांगितली तिने आपला ठराव दोन वर्षांनी मागे घेतला. आता सभेच्या आदल्या सायंकाळी तीच वृद्ध बाई दोघा तरुणांस बरोबर घेऊन घेवडा निवडते व भिजत घालते, आणि दुसऱ्या दिवशी दाणे चिमटीत दाबून पाहिल्याशिवाय पातेले उतरवू देत नाही. गेल्या सभेत आम्हीही त्या पंगतीस होतो, व दुसऱ्यांदा वाढून घेतले.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. कडधान्य बाधण्याचे दोन प्रकार कोणते? त्यांपैकी घातक कोणता?
२. भिजविलेले पाणी का टाकावे?
३. मोड आल्याने दाण्यात कोणता फरक पडतो? मोड आलेला घेवडा कच्चा का खाऊ नये?
४. घेवडा किती तास भिजवावा, व पूर्ण उकळी किती मिनिटे टिकवावी?
५. "मऊ लागले म्हणजे शिजले" हे म्हणणे चूक का?
६. डाळीच्या पाण्याने लेकराचे पोषण का होत नाही?
७. आपल्या गावच्या विहिरीचे पाणी कठीण आहे की मऊ, हे कसे ओळखाल?

करून पाहण्याची गोष्ट. उपदेशक बंधूंनी पुढील आठवड्यात वर्गातील बायकांस सांगून एकाच पोत्यातील हरभरा दोन डेचक्यांत शिजवावा. एकातील रात्रभर भिजवून पाणी टाकलेला, दुसऱ्यातील न भिजविलेला. एकाच जाळावर कोणास किती वेळ व किती सरपण लागले ते फळ्यावर लिहावे. या धड्याहून त्या दोन आकड्यांनीच स्त्रियांची खात्री लवकर पटेल, असे आम्हांस वाटते.